एक अल्बम, एक कादंबरी, एक सिनेमा सुचवा (कारणासकट)

मधलं_पान

मंडळी, एक मागणं आहे. ज्या ॲपवर मी गाणी ऐकतो त्याला माझी आवड आता तोंडपाठ झालीय. गिटार घेऊन हळू आवाजात गाणारा एक माणूस ऐकला, की पुढचा महिनाभर तसलीच माणसं रांगेत उभी. सिनेमांचंही तेच. गंमत म्हणजे 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणून जे पुढे येतं ते खरंच आवडतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीही आठवत नाही.

तर प्रत्येकाने फक्त एक अल्बम, एक कादंबरी आणि एक सिनेमा सांगावा. थोड्या पैशांत, थोड्या माणसांनी केलेलं, फार गाजावाजा न झालेलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि सबटायटल असतील तर कुठलीही भाषा चालेल. 'अप्रतिम', 'चुकवू नये असं' वगैरे नको. तुम्हाला त्यातली नेमकी कुठली जागा धरून ठेवते, तेवढं सांगा.

माझा अंदाज यावा म्हणून: निक ड्रेकचा 'पिंक मून' मला फार प्रिय आहे. एक माणूस, एक गिटार, एका गाण्यात थोडासा पियानो, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळं संपतं. रहस्यकथा झेपत नाहीत. खुनी कोण याची मला उत्सुकताच नसते. सिनेमा संथ चालेल, पण तीन तासांचा नको. मला लवकर झोप येते.

टेपहिस

'पिंक मून' आवडतो म्हणालात, म्हणजे माझं काम निम्मं झालं.

आधी माझी खोड सांगतो, म्हणजे शिफारशी कुठून येतायत ते कळेल. मी पोटासाठी आवाज साफ करतो. ऑडिओबुकं, मुलाखती, भाषणं. लोकांच्या बोलण्यातून पंख्याची घरघर, खुर्चीची कुरकुर, ओठांची चटचट काढून टाकायची, हा धंदा. दिवसभर ते केलं की संध्याकाळी मला असलंच काहीतरी ऐकावंसं वाटतं, ज्यातून कुणी काही काढलेलं नाही. गाणाऱ्याच्या भोवतालची खोली ऐकू आली पाहिजे.

अल्बम: सिबिल बायर, 'कलर ग्रीन'. ही जर्मन बाई. १९७० ते १९७३ या काळात तिने घरच्या घरी, रीळवाल्या टेपरेकॉर्डरवर ही गाणी केली. विम वेंडर्सच्या 'ॲलिस इन द सिटीज'मध्ये (१९७४) ती थोडा वेळ दिसतेही. पण गाणं किंवा सिनेमा यांच्या मागे ती लागली नाही, घरसंसारात रमली. तीसेक वर्षांनी मुलाने त्या टेपांवरून घरच्या माणसांना द्यायला म्हणून सीडी केली. एक प्रत 'डायनॉसॉर ज्युनियर' बँडच्या जे मॅस्किसकडे गेली, त्याच्याकडून 'ऑरेंज ट्विन' या छोट्या लेबलकडे, आणि २००६ मध्ये अल्बम बाहेर आला.

पहिलंच गाणं 'टुनाइट' ऐका. ती कामावरून घरी येते तर तो अवचित स्वयंपाकघरात बसलेला, पावाला लोणी लावतोय. एवढ्यावर गाणं उभं आहे. शेजारच्या खोलीत कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाहीये, अशा बेताने ती गाते. माझ्यासारख्या माणसाच्या हातात हे पहिल्यांदा पडलं असतं तर त्याने श्वास काढले असते, टेपची खरखर काढली असती, आणि गाण्याची वाट लावली असती. शेवटच्या गाण्यात व्हायोलिनं वगैरे येतात. ती मला नको होती. तेरा गाणी एका खोलीत बसल्यावर अचानक कुणी सगळे दिवे लावल्यासारखं होतं. पण ते शेवटचंच गाणं आहे, तिथे बंद करता येतं.

नियम मोडून आणखी एक नाव: कॉनी कॉन्व्हर्स. १९५४ साली जीन डाइच नावाच्या ॲनिमेशनवाल्याने आपल्या घरी तिला ध्वनिमुद्रित केलं. ती एकटी, गिटार, मधूनच पाहुण्यांची चाहूल. स्वतः लिहिलेली गाणी स्वतः गायची ही रीत न्यूयॉर्कमध्ये रुजायच्या बऱ्याच आधी ती हे करत होती. कुणी दखल घेतली नाही. १९७४ मध्ये तिने घरच्यांना, मित्रांना निरोपाची पत्रं लिहिली, गाडीत सामान भरलं आणि निघून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. जीन डाइचने २००४ मध्ये तिचं एक गाणं रेडिओवर ऐकवलं, त्यातून पुढे २००९ चा 'हाऊ सॅड, हाऊ लव्हली' निघाला. 'टॉकिंग लाइक यू' हे गाणं तर चक्क मिश्कील आहे: एकटं राहणारी बाई आणि तिच्या घराभोवतीचे बडबडे प्राणी, झाडं, पाणी.

कादंबरी: जॉन विल्यम्सची 'स्टोनर'. १९६५ ची. तेव्हा दोनेक हजार प्रती खपल्या आणि पुस्तक दुकानांतून गेलं. विल्यम्स १९९४ मध्ये वारले. २००६ मध्ये न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सने ती परत छापली, २०११ मध्ये ॲना गवाल्दा या फ्रेंच लेखिकेने तिचा अनुवाद केला, आणि मग युरोपभर ती धडाधड खपू लागली.

तुम्हाला उत्सुकता नको म्हणालात ना? घ्या. विद्यापीठात शिकायला आलेला शेतकऱ्याचा मुलगा तिथेच शिकवत राहिला, वरच्या हुद्द्यावर कधी गेला नाही, मेल्यावर फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. हे सगळं पहिल्या परिच्छेदात सांगून टाकलंय. पुढची अडीच-पावणेतीनशे पानं आपण तरी वाचतोच, कारण लेखक आवाज चढवत नाही.

जागा विचाराल तर मी वर्गातली ती प्रसिद्ध जागा सांगणार नाही (शेतीशास्त्र शिकायला आलेल्या पोराला प्राध्यापक शेक्सपिअरच्या सॉनेटचा अर्थ विचारतात आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही). ती सगळेच सांगतात. मी तोंडी परीक्षेचं प्रकरण सांगतो. वॉकर नावाचा एक विद्यार्थी, बोलण्यात पटाईत, विभागातल्या वजनदार प्राध्यापकाचा लाडका. सुरुवातीला त्याची उत्तरं झकास चाललेली असतात. मग स्टोनर प्रश्न विचारायला लागतो. अगदी प्राथमिक प्रश्न, एकामागून एक, शांतपणे. पोराला काहीच येत नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला कळतं आणि तरीही त्याला पास करा म्हणून दबाव येतो. स्टोनर नाही म्हणतो. त्या एका नकाराची किंमत तो पुढे कित्येक वर्षं भरतो. हे सारं जवळजवळ नुसत्या प्रश्नोत्तरांवर चालतं. हाणामारीच्या सिनेमात मी कधी एवढा ताठ बसलेलो नाही.

खोट काढायची तर त्याच्या बायकोचं चित्रण. तिच्या बाजूने लेखक फारसा उभाच राहत नाही. दर वाचनात ते जास्त टोचतं.

सिनेमा: चार्ल्स बर्नेटचा 'किलर ऑफ शीप'. कृष्णधवल, जेमतेम ऐंशी मिनिटं, तुमच्या झोपेच्या आत. लॉस एंजेलिस विद्यापीठात (यूसीएलए) शिकताना केलेला त्याचा हा प्रबंध-चित्रपट. सोळा मिलिमीटरवर, सुट्टीच्या दिवशी, ओळखीपाळखीची माणसं घेऊन, दहा हजार डॉलरच्या आत. पूर्ण झाला १९७७ मध्ये. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातला एक कृष्णवर्णीय माणूस कत्तलखान्यात मेंढ्या कापायचं काम करतो, त्याला झोप येत नाही, बायकोशी त्याचं बोलणं आटत चाललंय. गोष्ट म्हणून एवढीच.

तो थिएटरात नीट लागला तो २००७ मध्ये. कारण गाणी. बर्नेटने त्यात पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन अशी मंडळी मनमुराद वापरली होती आणि हक्क घेण्याइतके पैसे विद्यार्थ्याकडे कुठले? शेवटी हक्कांसाठी दीड लाख डॉलर मोजावे लागले. सिनेमाच्या खर्चाच्या पंधरा पटींहून जास्त!

आणि ते पैसे कशासाठी, हे एका दृश्यात कळतं. नवरा-बायको घरात संथपणे नाचतायत, डायना वॉशिंग्टनचं 'धिस बिटर अर्थ' लागलंय, कॅमेरा जागचा हलत नाही. तिचे हात त्याच्या पाठीवर फिरतात. गाणं संपतं, तो बाजूला होऊन निघून जातो. एक शब्द नाही. दुसरी जागा उलट हसवणारी: दोघं मित्र पैसे जमवून मोटारीचं जुनं इंजिन विकत घेतात, जिन्यावरून घाम गाळत खाली आणतात, गाडीच्या मागच्या कडेला टेकवतात. पुढे काय होतं ते सांगत नाही. तुम्हाला आधीच कळेल आणि तरी तुम्ही 'अरे अरे' म्हणाल.

पाचवी_खिडकी

टेपहिस, सुरेख लिहिलंत. पण एक खटकलं. तुमच्या प्रत्येक शिफारशीला एक दंतकथा चिकटलेली आहे. कपाटात पडून होतं, विसरलं गेलं, कुणाला तरी सापडलं. कॉनी कॉन्व्हर्स तर गायबच झाली. हे एकदा माहीत झालं की गाण्यात ते नसलं तरी ऐकू येणारच. विक्रीवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. बॉन इव्हेरचा पहिला अल्बम आठवा: वडिलांची जंगलातली झोपडी, विस्कॉन्सिनचा हिवाळा, एकटा माणूस. लोक गाणी विसरले, झोपडी लक्षात राहिली. (गाणी चांगली आहेत हो.)

म्हणून मी मागे काहीही दंतकथा नसलेल्या तीन गोष्टी सांगते. माणसांनी वेळच्या वेळी केल्या, वेळच्या वेळी बाहेर आल्या.

सिनेमा: केली रायकार्डचा 'ओल्ड जॉय', २००६. दोन जुने मित्र. एकाला लवकरच मूल होणार आहे, दुसऱ्याचा अजून कशातच पत्ता नाही. दोघं कुत्री घेऊन ओरेगनच्या जंगलातल्या गरम पाण्याच्या कुंडांकडे निघतात. रस्ता चुकतात, कुणीतरी टाकून दिलेल्या सोफ्यापाशी रात्र काढतात, सकाळी पोचतात, परत येतात. भांडण होत नाही, रहस्य उघड होत नाही. तरी शेवटी दोघांनाही कळलेलं असतं की हे संपलं. माझी जागा: गाडीतला रेडिओ. बाप होणारा मित्र त्यावर राजकारणाच्या चर्चा लावून ठेवतो. हे आपण सगळे करतो. संगीत यो ला टेंगो या बँडचं आहे आणि ते जागेवर बसून राहतं, रडा म्हणून मागे लागत नाही.

यातला भटका मित्र झालाय विल ओल्डहॅम, जो 'बॉनी प्रिन्स बिली' या नावाने गातो. म्हणून अल्बमही त्याचाच: 'आय सी अ डार्कनेस', १९९९. त्यातलं त्याच नावाचं गाणं एक मित्र दुसऱ्या मित्राला म्हणतो. आधी प्रेम, मग भीती, आणि मग अर्धवट विनवणी. पुढच्याच वर्षी जॉनी कॅशने ते गायलं आणि मागे साथीला ओल्डहॅमच आहे. दोन्ही ऐकून बघा. कॅशच्या तोंडी ते म्हाताऱ्याचं होतं. मला मूळचंच बरं वाटतं, कारण त्यात आवाज फाटायच्या बेतात असतो आणि फाटत नाही.

कादंबरी: तूवे यान्सनचं 'द समर बुक', मूळ स्वीडिश, १९७२. मुलांसाठीच्या मूमिन-गोष्टी लिहिणारी तीच ही. फिनलंडजवळचं एक चिमुकलं बेट, एक आजी, तिची लहान नात सोफिया. सुरुवातीलाच आजी फुलझाडांत हरवलेली कवळी शोधत असते आणि नात विचारते, तू मरणार कधी? मुलीची आई गेलेली आहे, हे एका वाक्यात, सहज जाता जाता येतं. मग त्याबद्दल कुणी बोलत नाही. आजी सिगारेट ओढते, खोटं बोलते, चिडते. गोड आज्ज्यांचा कंटाळा आला असेल तर हीच घ्या.

टेपहिस

पाचवी_खिडकी, 'ओल्ड जॉय'मधल्या रेडिओला शंभर गुण. पण दंतकथेवर मी भांडणार.

कॉनी कॉन्व्हर्सपुरतं मान्य, तिचं गायब होणं गाण्यांवर सावली टाकतं. 'किलर ऑफ शीप'ची हक्कांची भानगड मात्र सिनेमाबाहेरची नाही. पोरगा पैशांचा विचार न करता त्याला हवी ती गाणी लावत गेला, म्हणून सिनेमा तसा झाला, आणि म्हणूनच अडकला. परवडतील तेवढीच गाणी घ्यायची असं त्याने ठरवलं असतं तर तो नाच तिथे नसताच.

आणि विसरलं गेलेलंच पाहिजे असा माझा हट्ट मुळीच नाही. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' घ्या, १९८२. माणूस तेव्हाच प्रचंड मोठा, कंपनी कोलंबिया, म्हणजे मधलं_पान यांच्या अटीत अजिबात बसत नाही. पण घरी बसून, चार ट्रॅकच्या टास्कॅम कॅसेट-रेकॉर्डरवर, बँडला दाखवायला म्हणून त्याने ती गाणी केली. कॅसेट खिशात घालून फिरला. बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, ती मेली. शेवटी खिशातली कॅसेटच छापली. त्या यंत्राच्या मर्यादा गाण्यांच्या हाडात आहेत. मला शोधायचं असतं ते हे.

शेवटची_रांग

एवढं सगळं अमेरिकेत? मी थोडक्यात घरचं सांगतो.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', २०१४. नाव ऐकलं असेल, बक्षिसंही माहीत असतील (व्हेनिसला दोन, मग राष्ट्रीय पुरस्कार), पण 'पुरस्कारवाला सिनेमा' म्हणून ज्यांनी टाळला त्यांच्यासाठी लिहितोय. निर्माता विवेक गोम्बर, बचावाचा वकीलही तोच. बरीचशी माणसं कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली. एका शाहिरावर खटला, कारण म्हणे त्याच्या गाण्यामुळे एका गटार-कामगाराने जीव दिला. कॅमेरा लांब उभा राहून बघतो आणि बोलणं संपलं तरी हलत नाही. माझी जागा: सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) संध्याकाळी घरी जातात, पोराला घेतात, स्वयंपाक करतात. दिवसभर जिच्यावर आपण दात खाल्ले ती इतकी ओळखीची निघते की पुढच्या तारखेला आपली पंचाईत होते. जवळपास दोन तास.

जमलं तर त्याचाच 'द डिसायपल' (२०२०) नंतर. टेपहिस, तो तुमच्यासाठी आहे. एक गायक रात्रीच्या रस्त्यावर मोटरसायकल चालवत कानात जुन्या टेपा ऐकत जातो, एका कडक गुरूची व्याख्यानं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. नायक आदित्य मोडक खरोखरचा गायक, त्यामुळे गाणं कुठे बसलं नाही तर तसं ऐकूही येतं.

कादंबरी: विलास सारंग, 'एन्कीच्या राज्यात'. इराकमध्ये बसऱ्याला शिकवायला गेलेल्या माणसाचं एकटेपण. उन्हासारखं कोरडं गद्य. अल्बम सांगत नाही, मी गाणी फारशी ऐकत नाही.

मधलं_पान

झकास. यादी वाचूनच पोट भरलं. दोन व्यवहारी प्रश्न. 'किलर ऑफ शीप'चं इंग्रजी कळेल का? आणि 'स्टोनर' वाचून माणूस आठवडाभर उदास होतो असं एका मैत्रिणीने सांगितलंय. सध्या तेवढी ऐपत नाही.

टेपहिस

इंग्रजी सबटायटल लावाच. बोली दाट आहे आणि ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांच्या सिनेमाचं आहे, काही वाक्यं गल्लीतल्या पोरांच्या आरडाओरड्यात बुडतात. ती नाही कळली तरी बिघडत नाही. 'कोर्ट' बघताना मात्र उलट करा, पट्टी झाकून बघा. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी एकाच दालनात कसं आदळतं ते कानानेच घ्यायचं आहे.

उदासीचं खरं आहे. मग आधी पाचवी_खिडकी यांचं 'समर बुक' घ्या, एका वेळी एक प्रकरण. प्रत्येक प्रकरण स्वतंत्र आहे. 'स्टोनर' नंतर. त्या तोंडी परीक्षेपाशी पोचाल तेव्हा पुढे तासभर मोकळा ठेवा, मध्ये उठायचं नाही.

'कलर ग्रीन' फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, निम्मा आवाज तिथेच मरतो. साधे वायरवाले इअरफोन चालतील. आणि ॲपमधलं आपोआप पुढचं गाणं लावायचं बटण आधी बंद करा, नाहीतर ती थांबली की दुसऱ्या सेकंदाला कुणीतरी वेगळीच बाई गायला लागेल.

शेवटची_रांग, 'एन्की' माझ्याकडे आहे, अर्ध्यावर सोडलेली. तुम्ही म्हणता तर परत काढतो. पण अल्बम न सांगता सुटू देणार नाही. गाणी ऐकत नसाल तर भाषण सांगा, क्रिकेटची कॉमेंट्री सांगा, काहीही.

शेवटची_रांग

'कोर्ट'मधला संभाजी भगतांचा पोवाडा. झाला अल्बम.